क्लबचा अध्यक्ष वर्षाचा, ट्रस्ट कायमचा: मागे ठेवायच्या देणगीचे पर्याय

रोटरी क्लबचा अध्यक्ष दरवर्षी १ जुलैला बदलतो. त्या सुमारास गावोगावी पदग्रहण समारंभ होतात, नवा अध्यक्ष आपल्या वर्षाचे प्रकल्प जाहीर करतो आणि पुढच्या जुलैत फलकावरच्या माजी अध्यक्षांच्या यादीत जाऊन बसतो. लायन्समध्येही हीच रीत. एका वर्षात काहीतरी करून दाखवायचे, या घाईतून बरीच चांगली कामे होतात: मोतीबिंदूची शिबिरे, शाळांना बाके, रक्तपेढीला यंत्र. पण सत्तरी गाठलेला एखादा जुना सभासद म्हणतो, ‘माझ्या मागे दहा-वीस लाख या गावातल्या मुलांच्या शिक्षणाला जावेत’, तेव्हा या वर्षाच्या हिशोबाचा त्याला काही उपयोग नसतो. त्याचे पैसे कदाचित पंधरा वर्षांनी येतील. तेव्हा आजचा अध्यक्ष कुठे असेल कोणास ठाऊक.

अशा पैशासाठी क्लबच्या शेजारी एक ट्रस्ट असतो. कुठे त्याला फाउंडेशन म्हणतात, कुठे चॅरिटी ट्रस्ट, कुठे सेवा निधी. सभासदांची वर्गणी, जेवणावळी, बॅनर आणि बिल्ले यांचा खर्च क्लबच्या खात्यातून होतो. लोकांकडून सेवेसाठी आलेला पैसा ट्रस्टच्या खात्यात जायला हवा. ही दोन पाकिटे वेगळी ठेवण्यामागे नुसता काटेकोरपणा नाही, कायदाही आहे. क्लब ही मुळात सभासदांची मंडळी. तिला दिलेल्या पैशावर करसवलत मिळत नाही. ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असतो, त्याचे हिशोब तपासले जातात, आणि त्याने आयकर खात्याकडून मान्यता घेतली असेल तर देणाऱ्याला सवलत मिळते. म्हणून पहिली गोष्ट: चेकवर किंवा मृत्युपत्रात क्लबचे नाव लिहायचे नाही, ट्रस्टचे लिहायचे. दोन्ही नावांत ‘रोटरी’ असते, गावाचे नावही तेच असते, आणि घोटाळा नेमका तिथे होतो.

कायम निधीची कल्पना या चळवळीत जुनी आहे. १९१७ साली अटलांटा इथल्या रोटरीच्या अधिवेशनात त्या वेळचे अध्यक्ष आर्च क्लम्फ यांनी ती मांडली. जगात चांगले काम करण्यासाठी एक निधी उभारावा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. त्यात पहिली देणगी आली कॅन्सस सिटीच्या क्लबकडून, २६ डॉलर ५० सेंट. त्यातून पुढे ‘द रोटरी फाउंडेशन’ उभे राहिले, आणि पोलिओविरुद्धच्या मोहिमेमुळे ते आपल्याकडेही घरोघरी पोचले. मात्र त्या मोठ्या फाउंडेशनला दिलेला पैसा जगभरच्या कामांत वाटला जातो. आपल्या तालुक्यातल्या वसतिगृहाला, आपल्या गावच्या डायलिसिस केंद्राला मदत व्हावी असे वाटत असेल, तर स्थानिक ट्रस्टच हवा. इथे त्याच्याबद्दलच बोलू. जे लिहिले आहे ते ज्ञातीसंस्थांच्या विद्यार्थी निधीला किंवा सार्वजनिक वाचनालयालाही बहुतांशी लागू पडेल.

हयातीत द्यायचे झाले तर

सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे दरवर्षी थोडे थोडे देणे. लोक याला ‘नियोजन’ म्हणत नाहीत, पण करसवलतीचा विचार केला तर खरे नियोजन इथेच आहे. आयकरातली देणगीची सवलत सगळ्यांच्या तोंडी ‘ऐंशी जी’ म्हणून बसली आहे. नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले, तरी सीए आणि क्लायंट दोघेही अजून ऐंशी जीच म्हणतात, तर आपणही तेच म्हणू. स्थानिक ट्रस्टला दिलेल्या रकमेपैकी सर्वसाधारणपणे निम्मी रक्कम उत्पन्नातून वजा होते. तीही जुनी करप्रणाली निवडली असेल तरच. नव्या प्रणालीत ही सवलत नाही. रोखीने २,००० रुपयांपेक्षा जास्त दिले तर त्यावरही नाही.

आकड्यांत बघा. जुन्या प्रणालीत ३० टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्या माणसाने १ लाख दिले, तर ५० हजार वजा होतात आणि उपकर धरून १५,६०० रुपये कर वाचतो. म्हणजे लाखाची देणगी त्याला ८४,४०० रुपयांना पडली. पण सवलतीसाठी धरायची देणगी उत्पन्नाच्या, इतर वजावटी काढून उरलेल्या उत्पन्नाच्या, १० टक्क्यांपुरतीच. असे उत्पन्न १२ लाख असेल तर १ लाख २० हजारांपर्यंतच देणगी हिशोबात धरतात. त्याच माणसाने निवृत्तीच्या वर्षी एकदम १० लाख दिले, तर उरलेल्या ८ लाख ८० हजारांवरची सवलत वाया जाते, पुढच्या वर्षी ओढता येत नाही. तेच १० लाख दरवर्षी १ लाख याप्रमाणे दिले असते, तर प्रत्येक वर्षी सवलत मिळाली असती. सवलतीसाठी देऊ नये हे खरे, पण देणारच असू तर हिशोब करून द्यायला हरकत कसली?

दुसरा प्रकार शेअर आणि म्युच्युअल फंडांचा. यात अमेरिकेत राहून आलेले लोक हमखास गोंधळतात, कारण तिकडे वधारलेले शेअर थेट संस्थेला दिले की बाजारभावाइतकी वजावट मिळते. आपल्याकडे वस्तुरूप देणगीला ऐंशी जीची सवलत नाही. शेअर ही वस्तूच. पण दुसरी एक गोष्ट आहे, जी फारसे कोणी सांगत नाही: शेअर बक्षीस दिले तर तुम्हाला भांडवली नफ्यावर कर लागत नाही. समजा, लाखाला घेतलेले शेअर आज ६ लाखांचे आहेत. तुम्ही विकून पैसे दिले, तर ५ लाखांच्या नफ्यातून सव्वा लाखाची सूट जाऊन उरलेल्यावर साडेबारा टक्के आणि उपकर, म्हणजे ४८,७५० रुपये सरकारला जातील. शेअर थेट ट्रस्टच्या डीमॅट खात्यात वळते केले, तर ते ४८,७५० रुपयेही ट्रस्टकडे राहतात. तुम्ही नव्या करप्रणालीत असाल आणि ऐंशी जीचा तुम्हाला तसाही उपयोग नसेल, तर हा रस्ता सरळ चांगला. ट्रस्टला असे शेअर फार काळ ठेवता येत नाहीत. मिळाले त्या आर्थिक वर्षानंतरच्या वर्षभरात ते विकून पैसा कायद्याला मान्य असलेल्या गुंतवणुकीत ठेवावा लागतो. ट्रस्टचे डीमॅट खातेच नसते, ही प्रत्यक्षातली अडचण. गावच्या ट्रस्टचे खजिनदार बहुधा बँकेच्या ठेवींपलीकडे गेलेले नसतात. तेव्हा आधी विचारून घ्या.

आणि एक सावधगिरी. अमेरिकेत ‘देणगी द्या आणि आयुष्यभर ठरावीक रक्कम घ्या’ अशी योजना आहे. ती ऐकून इथेही कुणी असे सुचवतात, की ५ लाख ट्रस्टला द्यायचे, ट्रस्टने हयातभर व्याज आपल्याला द्यायचे आणि मागे मुद्दल ट्रस्टचे. हे करू नका. मोठी देणगी देणाऱ्याला ट्रस्टच्या पैशातून फायदा मिळाला, तर ट्रस्टची करमाफीच धोक्यात येते. ज्येष्ठ नागरिकाच्या जादा व्याजाची ठेव आपल्याच नावे ठेवा, व्याज खा आणि मुद्दल मृत्युपत्राने द्या. काम तेच होते, आणि कोणालाही नोटीस येत नाही.

कायम निधी म्हणजे काय, आणि तो कसा झिजतो

मुद्दल जसेच्या तसे ठेवायचे आणि व्याजावर काम चालवायचे, याला कायम निधी किंवा कॉर्पस म्हणतात. शाळेत बक्षीस समारंभाला ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ म्हणून जी पारितोषिके दिली जातात, ती याच पद्धतीची. एकोणिसाव्या शतकातल्या नाना शंकरशेटांच्या नावाची संस्कृतची शिष्यवृत्ती मराठी घरांत पिढ्यानपिढ्या माहीत आहे. मॅट्रिकला ती मिळाली म्हणजे आयुष्यभर नावामागे लागायची. मान टिकला. पण जुन्या शिष्यवृत्त्यांपैकी बहुतेकांच्या रकमेत आज वह्या-पुस्तकेही येणार नाहीत, आणि त्याला कुणाचा अप्रामाणिकपणा कारण नाही. साधे गणित कारण आहे.

१० लाखांचा निधी घ्या. बँकेत ७ टक्क्यांनी वर्षाला ७० हजार व्याज येते. दर विद्यार्थ्याला ७ हजार दिले, तर दहा मुलांना मदत झाली. सगळे व्याज दरवर्षी खर्च करत राहिलात तर मुद्दल १० लाखच राहते, पण महागाई ६ टक्क्यांनी वाढत असेल तर बारा वर्षांत त्या पैशाची किंमत निम्मी होते. चोवीस वर्षांत पाव. म्हणजे आज दहा मुलांची फी भरणारा निधी तुमची नात लग्नाला येईतो अडीच मुलांची भरेल. उपाय एकच, की व्याजातला काही भाग मुद्दलात मिळवायचा. ७ टक्क्यांतले २ टक्के परत मुद्दलात टाकले, तर खर्चायला ५० हजार उरतात आणि झीज अर्ध्यावर नसली तरी बरीच मंदावते. देणगीच्या पत्रात हे आधीच लिहून ठेवावे, कारण पुढच्या विश्वस्तांना ‘व्याज साठवून ठेवता कशाला, मुले दारात उभी आहेत’ असे कोणी म्हटले की उत्तर देणे कठीण जाते.

कायम निधीबद्दल एक तांत्रिक गोष्ट सांगतो. कंटाळवाणी आहे, पण फार महत्त्वाची. ट्रस्टला मिळालेली देणगी ‘कायम निधी म्हणून’ दिली आहे असे देणाऱ्याने लेखी सांगितले असेल, तरच ती कायद्याने मुद्दल ठरते. नाहीतर ती त्या वर्षाचे उत्पन्न धरली जाते, आणि उत्पन्नातले ८५ टक्के त्याच वर्षी सेवाकार्यावर खर्च करावे लागतात, किंवा विशेष अर्ज करून काही वर्षांपुरते राखून ठेवावे लागतात. म्हणजे तुम्ही पन्नास वर्षे टिकेल म्हणून ठेवलेले २० लाख, एक वाक्य लिहायचे राहिल्यामुळे, एका वर्षात पाच प्रकल्पांत उडून जाऊ शकतात. पावतीवर, पत्रावर, मृत्युपत्रात, जिथे देणगीचा उल्लेख असेल तिथे ‘कायम निधी’ हे दोन शब्द हवेत.

हेतूही फार आवळून बांधू नये. समजा, १९८५ साली कोणी ‘टंकलेखन शिकणाऱ्या गरजू मुलींच्या परीक्षा फीसाठी’ पैसे ठेवले. तेव्हा ते किती शहाणपणाचे होते! टायपिंगची परीक्षा पास झालेल्या मुलीला कचेरीत नोकरी मिळायची. आज खटखट करणारी यंत्रे भंगारात गेली आणि पैसा खात्यात पडून आहे. असा हेतू बदलायला महाराष्ट्राच्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यात वाट आहे, पण ती न्यायालयातून जाते आणि ५० हजारांच्या निधीसाठी वकील कोण लावणार? ‘तालुक्यातील गरजू मुलींच्या व्यवसाय शिक्षणासाठी’ असे लिहिले असते तर तोच पैसा आज नर्सिंगच्या मुलीला गेला असता.

मृत्युपत्रातून

आपल्याकडे बहुसंख्य माणसांना परवडणारा पर्याय हाच आहे. हयातीत पैसा हाताशी हवा असतो. आजारपण कधी येईल सांगता येत नाही आणि रुग्णालयाचे बिल दया दाखवत नाही. मृत्युपत्रात लिहिलेले दान आज खिशातून काहीच नेत नाही आणि मन बदलले तर ते बदलताही येते. एक मात्र कळून घ्या: यात करसवलत नाही. भारतात १९८५ पासून मृत्यूनंतरच्या मालमत्तेवर करच नाही, त्यामुळे वाचवायलाही काही नाही.

मृत्युपत्र साध्या कागदावर चालते, स्टॅम्प पेपर लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधक कार्यालयात करून ठेवलेली बरी. दोन साक्षीदार हवेत, आणि ते ट्रस्टचे विश्वस्त नसावेत. विश्वस्त साक्षीदार असला म्हणून मृत्युपत्र रद्द होईलच असे नाही, पण उद्या मुलाने ‘बाबांना भरीस पाडले’ असा आक्षेप घेतला तर त्याला बळ मिळते. अंमलबजावणीसाठी व्यवस्थापक, म्हणजे एक्झिक्युटर, नेमावा. तो आपल्यापेक्षा वयाने लहान असावा, हे सांगावे लागते, कारण लोक बहुतेक वेळा वर्गमित्राला नेमतात.

रक्कम कशी लिहायची? ‘५ लाख रुपये’ असे लिहिले आणि शेवटच्या आजारात बचत संपत आली, तर तुमच्या पत्नीच्या वाट्याला काय उरले याचा विचार न करता ५ लाख आधी जातील. त्यापेक्षा देणी आणि खर्च भागवून उरलेल्याचा टक्का लिहावा. कलम साधारण असे:

‘माझ्या बँक ठेवी व म्युच्युअल फंड यांतून माझ्या औषधोपचाराचा व अंत्यविधीचा खर्च आणि सर्व देणी भागवून जी रक्कम उरेल, तिच्यापैकी १० टक्के रक्कम (ट्रस्टचे पूर्ण नाव), महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालील नोंदणी क्रमांक (…), पॅन (…), यांस द्यावी. ही रक्कम ट्रस्टने कायम निधी म्हणून ठेवावी. तिच्या उत्पन्नाचा काही भाग दरवर्षी मुद्दलात मिळवावा व उरलेल्या उत्पन्नातून (…) तालुक्यातील गरजू विद्यार्थ्यांच्या शिक्षणास मदत करावी. ते शक्य किंवा उपयुक्त न राहिल्यास ट्रस्टच्या उद्दिष्टांत बसणाऱ्या अन्य कामासाठी विश्वस्तांनी हे उत्पन्न वापरावे. माझ्या मृत्यूच्या वेळी हा ट्रस्ट अस्तित्वात नसल्यास, त्याच तालुक्यात शिक्षणाचे काम करणाऱ्या नोंदणीकृत सार्वजनिक ट्रस्टची निवड माझ्या व्यवस्थापकाने करावी.’

शेवटचे वाक्य सगळे विसरतात. क्लब बंद पडतात, दोन क्लब एक होतात, ट्रस्टचे नाव बदलते. ते वाक्य नसेल तर तुमची देणगी वारसांच्या आणि वकिलांच्या चर्चेत अडकते.

‘मी बँकेत नॉमिनी लावलाय, झाले की’ असे म्हणणारेही पुष्कळ भेटतात. बँकेच्या ठेवीला ट्रस्ट नॉमिनी होऊ शकत नाही, तिथे व्यक्तीच लागते. म्युच्युअल फंडात धर्मादाय ट्रस्टला नॉमिनी करता येते. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साळगावकर कुटुंबाच्या प्रकरणात हे पुन्हा स्पष्ट केले: शेअर आणि फंडांतला नॉमिनी पैसा हातात घेतो, पण त्यावर हक्क मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो. म्हणून नॉमिनी आणि मृत्युपत्र दोन्हींत एकच गोष्ट लिहिलेली असावी.

किती देता येते, हेही धर्माप्रमाणे आणि प्रदेशाप्रमाणे बदलते. हिंदू माणसाला स्वकष्टार्जित मालमत्ता पूर्ण देता येते आणि वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेतला फक्त आपला हिस्सा. मुस्लिम कायद्यात वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापलीकडे जाता येत नाही. गोव्यात तर वेगळेच. तिथे पोर्तुगीज परंपरेतून आलेला वारसा कायदा सगळ्यांना लागू आहे. नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक असते, म्हणजे निम्मी आधीच जोडीदाराची. उरलेल्या निम्म्यापैकी अर्धी मुलांची राखीव. तेव्हा म्हापशाच्या माणसाने ‘माझे सगळे क्लबच्या ट्रस्टला’ असे लिहिले, तरी मुले असतील तर प्रत्यक्षात जाईल ते एकूण सामाईक मालमत्तेच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. तिथे मृत्युपत्रही नोटरीसमोर करण्याची पद्धत आहे.

घर आणि जमीन

मूलबाळ नसलेले जोडपे फ्लॅट ट्रस्टला द्यायचा म्हणते, हे अलीकडे वरचेवर ऐकू येते. भावना मोठी आहे, कागद अवघड. हयातीत बक्षीसपत्र केले तर ते नोंदवावेच लागते, मुद्रांक शुल्क भरावे लागते आणि एकदा दिलेले परत घेता येत नाही. हयातभर राहण्याचा हक्क त्यात राखून ठेवता येतो, पण उद्या वृद्धाश्रमात जाण्यासाठी घर विकावे लागले तर हात बांधलेले.

मृत्युपत्राने दिला तर मुद्रांक शुल्क नाही. तरीही ‘फ्लॅट ट्रस्टला द्यावा’ असे लिहिण्यापेक्षा ‘व्यवस्थापकाने फ्लॅट विकून आलेली रक्कम ट्रस्टला कायम निधी म्हणून द्यावी’ असे लिहावे. कारण एकदा फ्लॅट ट्रस्टच्या नावावर चढला की तो विकायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. अर्ज, मूल्यांकन, जाहिरात, सीलबंद निविदा, तारखा. तोवर मेंटेनन्सची थकबाकी वाढत जाते, सोसायटीचे सेक्रेटरी नोटिसा काढतात, आणि रिकाम्या घराला वाळवी लागते. व्यवस्थापकाने विकला तर हा सगळा फेरा वाचतो.

शेतजमीन द्यायची असेल तर आधी जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करा. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकता येत नाही तशी बक्षीसही देता येत नाही, आणि ट्रस्ट शेतकरी नसतो. परवानगीचा मार्ग आहे, सोपा नाही.

परदेशातल्या मराठी माणसासाठी

न्यू जर्सीतल्या किंवा टेक्सासमधल्या मराठी माणसापुढे दोन वेगळे प्रश्न असतात. तिथल्या क्लबच्या फाउंडेशनला द्यायचे, की इथल्या गावच्या ट्रस्टला?

तिथे द्यायचे तर तिथले नियम. अमेरिकेत रोटरी-लायन्सचे क्लब, एल्क्स किंवा मेसन यांच्या लॉज, या बंधुसंस्था करसवलतीच्या वेगळ्या खणात बसतात. क्लबला दिलेली देणगी सहसा वजा होत नाही, म्हणून त्यांच्याही शेजारी ‘५०१(सी)(३)’ दर्जाचे, म्हणजे देणगीवर करसवलत मिळणारे, स्थानिक फाउंडेशन असते. क्लब वेगळा आणि ट्रस्ट वेगळा, हा प्रकार समुद्रापलीकडेही तसाच. तिथल्या निवृत्तांसाठी उत्तम रस्ता म्हणजे आयआरए, म्हणजे निवृत्तीसाठी स्वतःच्या नावे साठवलेल्या बचतीचे खाते. वयाची साडेसत्तर वर्षे पूर्ण झाली की त्यातून थेट संस्थेला पैसा पाठवता येतो आणि तो उत्पन्नात धरला जात नाही. २०२५ साठी मर्यादा १ लाख ८ हजार डॉलर होती. मागे ठेवायचे असेल तर मृत्युपत्राचीही गरज नाही, खात्याच्या लाभार्थी फॉर्मवर फाउंडेशनचे नाव लिहिले की झाले. मुलांना आयआरए मिळाले तर त्यांना त्यावर आयकर भरावा लागतो, आणि बहुतेकांना दहा वर्षांत ते रिकामे करावे लागते. संस्थेला काहीच भरावे लागत नाही. म्हणून आयआरए संस्थेला आणि घर, शेअर मुलांना, अशी वाटणी तिथले सल्लागार सुचवतात, आणि ती बरोबर आहे. आयुष्यभर रक्कम देणाऱ्या योजना मात्र छोट्या स्थानिक फाउंडेशनला झेपत नाहीत. त्या मोठ्या राष्ट्रीय संस्थांकडेच मिळतात.

इथे पाठवायचे असेल तर पासपोर्ट कोणता, हा प्रश्न आधी. भारतीय नागरिक असलेल्या अनिवासी माणसाने स्वतःच्या कमाईतून दिले, तर ती परदेशी देणगी मानली जात नाही. पण अमेरिकन नागरिकत्व घेतले असेल, तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारे ओळखपत्र) असूनही ती परदेशी देणगी. ती घ्यायला ट्रस्टकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते आणि पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. गावच्या शंभरातल्या एखाद्या ट्रस्टकडेही ही नोंदणी असेल की नाही, शंका आहे. ‘मोठ्या भावाच्या खात्यात टाकतो, तो देईल’ हा घरगुती उपाय करू नका, त्यात भाऊ आणि ट्रस्ट दोघेही अडचणीत येतात. सरळ मार्ग म्हणजे अमेरिकेतच नोंदलेल्या आणि महाराष्ट्रात काम करणाऱ्या संस्थांना देणे, किंवा रोटरीच्या जागतिक फाउंडेशनमार्फत आपल्या गावच्या क्लबच्या मंजूर प्रकल्पाला मदत करणे.

ट्रस्टकडे काय मागायचे

देण्याआधी चार कागद मागितले तर कोणी रागावू नये. रागावले तर ते उत्तरच समजा. धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीचा उतारा मागा, ज्याला सगळे शेड्यूल वन म्हणतात. त्यावर विश्वस्तांची नावे असतात. तिथे दहा वर्षांपूर्वी वारलेल्या विश्वस्ताचे नाव अजून असेल, तर बदल अर्ज रखडले आहेत असे समजावे. ही तक्रार फार ठिकाणी आहे आणि त्यामुळे बँक खात्याच्या सह्याही अडकतात. मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल मागा. आयकराची मान्यता ठरावीक मुदतीची असते, ती चालू आहे का पाहा, आणि देणगीनंतर प्रमाणपत्र आयकराच्या पोर्टलवरून निघालेले हवे, नुसती छापील पावती चालत नाही.

ठेवी कुठे आहेत तेही विचारा. जिव्हाळ्याच्या सहकारी बँकेत सगळा निधी ठेवायची आपल्याकडे सवय आहे, कारण चेअरमन क्लबचाच सभासद असतो. पण ठेवीवरचा विमा एका बँकेत ५ लाखांपुरताच आहे, ट्रस्टलाही तेवढाच. ४० लाखांचा निधी एका बँकेत असेल आणि तिच्यावर निर्बंध आले, तर मुलांच्या फीची तारीख थांबत नाही.

विश्वस्त कोण असतात हेही बघण्यासारखे. काही ठिकाणी चालू अध्यक्ष आपोआप ट्रस्टचा प्रमुख होतो. मग कायम निधीही त्याच्या वर्षाच्या प्रकल्पाकडे ओढला जातो. जिथे विश्वस्तांची मुदत पाच-सात वर्षांची आहे, ते एकदम सगळे बदलत नाहीत आणि त्यांत क्लबबाहेरचा एखादा मुख्याध्यापक किंवा सीए आहे, तिथे पैसा जास्त सुरक्षित असतो. खात्री नसेल तर आधी २५ हजार देऊन पाहा. वर्षभराने विचारा, कोणाला दिले, काय झाले. ज्या ट्रस्टकडून दोन ओळींचे उत्तर यायला सहा महिने लागतात, त्याला मृत्युपत्रात २० लाख लिहायचे की नाही ते तुम्हीच ठरवा.

मृत्युपत्राची प्रत ट्रस्टला द्यायची गरज नाही. रक्कम सांगायचीही नाही. त्यांच्या दप्तरी एक साधे पत्र पुरे: माझ्या मृत्युपत्रात आपल्या ट्रस्टसाठी तरतूद केली आहे, माझ्या व्यवस्थापकाचे नाव आणि फोन नंबर अमुक. सचिवाकडून त्यावर पोच घ्यावी, आणि एक प्रत मृत्युपत्राबरोबर कपाटात ठेवावी. मुलांना मात्र तोंडी, स्वतः सांगावे, शक्यतो जेवणे झाल्यावर आणि जावई-सुना घरात असताना.